आकाशनिरीक्षकांची शिस्त आणि रोजचे जगणे

खगोलशास्त्रात अभ्यासाचा विषय हाताला लागत नाही. रसायनशास्त्रज्ञ पदार्थ तापवून पाहू शकतो, वनस्पतिशास्त्रज्ञ रोप उपटून मुळे तपासू शकतो. ग्रहताऱ्यांच्या बाबतीत यातले काहीच करता येत नाही. ग्रहणाची वेळ बदलत नाही, ढग हटवता येत नाहीत आणि धूमकेतूला लवकर बोलावता येत नाही. निरीक्षकाच्या हाती उरते ते एवढेच : नीट पाहणे, पाहिलेले टिपून ठेवणे, चूक शोधणे आणि वाट पाहणे. या मर्यादेतूनच शतकानुशतके एक कडक शिस्त घडत गेली. संसारातही पाऊस, आजारपण, बाजारभाव, दुसऱ्याचा स्वभाव अशा कितीतरी गोष्टी माणसाच्या हाताबाहेर असतात. म्हणून ही शिस्त घरात, शेतावर आणि कचेरीतही कामी येते. थोर माणसांच्या चरित्रांत त्यांच्या मोठ्या कामगिरीवर भर असतो. सामान्य माणसाला उचलता येतात त्या त्यांच्या लहान सवयी. अशा काही सवयी आणि त्या रोजच्या जगण्यात आणण्याचे मार्ग पुढे क्रमाने दिले आहेत.

डोळ्यांना वेळ द्यावा

उजेडाच्या खोलीतून अंगणात आलेल्या माणसाला सुरुवातीला मोजकेच तारे दिसतात. डोळ्याची बाहुली काही क्षणांत मोठी होते; पण मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशींना पूर्ण क्षमतेने काम करू लागायला साधारण 20 ते 30 मिनिटे लागतात. तेवढा वेळ थांबले की त्याच आकाशात पूर्वी न दिसलेले तारे दिसू लागतात. मध्येच कुणी मोबाइलचा पांढरा उजेड डोळ्यांवर पाडला, तर पुन्हा पहिल्यापासून थांबावे लागते. म्हणून निरीक्षक नकाशा पाहण्यासाठी मंद लाल दिवा वापरतात.

धक्कादायक बातमी, अपमान, मोठा नफा किंवा आकर्षक सवलत यांच्या पहिल्या क्षणी मनाची अवस्था अशीच असते. अशा वेळी उत्तर देणे, सही करणे किंवा पैसे पाठवणे टाळावे. रागात लिहिलेला निरोप लगेच पाठवू नये. अर्ध्या तासाने पुन्हा वाचावा. घर, नोकरी, कर्ज, लग्न यांसारख्या निर्णयांना किमान एक रात्र द्यावी. फोनवरून घाई करणारा माणूस बँकेचा असो की ओळखीचा म्हणवणारा, त्याची घाई हेच थांबण्याचे कारण समजावे. खरे काम असेल तर ते अर्ध्या तासाने बिघडत नाही.

पाहिलेले त्याच वेळी लिहावे

कॅरोलाइन हर्शेल यांचा जन्म 1750 मध्ये जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. लहानपणीच्या तापामुळे त्यांची उंची खुंटली आणि मुलीने घरकामापलीकडे काही शिकावे असे त्यांच्या आईला वाटत नव्हते. 1772 मध्ये त्या भाऊ विल्यम यांच्याकडे इंग्लंडमधील बाथ या गावी गेल्या. 1781 मध्ये विल्यम यांनी युरेनसचा शोध लावला आणि दोघांचे आयुष्य आकाशाला वाहिले गेले. रात्री विल्यम दुर्बिणीतून दिसणारी वस्तू मोठ्याने सांगत. कॅरोलाइन घड्याळ, ताऱ्यांची यादी आणि दिवा जवळ घेऊन ती टिपत. दुसऱ्या दिवशी त्या गणिते करून नोंदींची स्वच्छ प्रत काढत. या कामातून सुमारे 2500 तारकागुच्छ आणि तेजोमेघ यांच्या याद्या तयार झाल्या. कॅरोलाइन यांनी स्वतः 1786 ते 1797 या काळात आठ धूमकेतू शोधले. 1787 पासून राजाकडून त्यांना वर्षाला 50 पौंड पगार मिळू लागला आणि 1828 मध्ये लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. या सगळ्याचा पाया रात्रीची नोंद सकाळवर न ढकलण्याच्या सवयीत होता.

महात्मा गांधींनी लंडनमधील विद्यार्थिदशेत, म्हणजे 1888 ते 1891 या काळात, हीच सवय पैशांच्या बाबतीत लावून घेतली. बसचे भाडे, टपाल, वर्तमानपत्र असा किरकोळ खर्चही ते लिहून ठेवत आणि झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवत. पुढे सार्वजनिक चळवळींचे लाखो रुपये हाताळताना ही सवय उपयोगी पडली, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे.

स्मृती निवड करते. आवडलेले ती मोठे करते, नावडलेले पुसते आणि क्रम उलटापालटा करते. त्यासाठी घरात एक साधी वही असावी. तिच्यात चार गोष्टी लिहाव्यात : तारीख, वेळ, घडलेली गोष्ट आणि आकडा. मत लिहायचे असेल तर वेगळ्या ओळीत लिहावे. ‘मुलगा हल्ली अभ्यासच करत नाही’ हे मत झाले; ‘सोमवारी 40 मिनिटे, मंगळवारी शून्य, बुधवारी सव्वा तास’ ही नोंद झाली. दुसऱ्या प्रकारच्या ओळीवर घरात शांतपणे बोलता येते. आजारी माणसाचा ताप, औषधाची वेळ, उसनवार, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख, गाईचे वेत, विहिरीची पातळी यांच्या नोंदीही अशाच ठेवाव्यात.

साधनाची चूक आधी मोजावी

डेन्मार्कचे ट्युको ब्राहे (1546–1601) यांनी दुर्बिणीचा शोध लागण्यापूर्वी केवळ डोळ्यांनी आकाश मोजले. 1563 मध्ये, किशोरवयात, त्यांनी गुरू आणि शनी यांची युती पाहिली. ग्रहांच्या स्थानांच्या प्रचलित कोष्टकांपैकी जुन्या कोष्टकात या युतीची वेळ सुमारे महिन्याने चुकली होती आणि नव्यातही काही दिवसांचा फरक होता. कोष्टके सुधारायची तर आधी वर्षानुवर्षे अचूक वेध घ्यावे लागतील, हे त्यांनी ओळखले. राजा दुसरा फ्रेडरिक याने दिलेल्या ह्वेन बेटावर 1576 पासून त्यांनी वेधशाळा उभारली आणि तिथे सुमारे वीस वर्षे काम केले. त्यांची यंत्रे प्रचंड होती; पण त्याहून महत्त्वाचे असे की प्रत्येक यंत्र किती चुकते ते त्यांनी तपासले. एकच वेध ते वेगवेगळ्या यंत्रांनी घेत. क्षितिजाजवळ वातावरणामुळे तारा जागेवरून सरकलेला दिसतो, तो फरकही ते वजा करत. त्यामुळे त्यांच्या चांगल्या वेधांतील चूक एक-दोन कलांवर आली. एक अंश म्हणजे 60 कला. पूर्ण चंद्राची रुंदी साधारण 30 कला भरते.

घरातही मोजमाप करणारी साधने असतात आणि तीही चुकतात. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसावे, आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी घेऊ नये, हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा आणि मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. घरचे यंत्र अधूनमधून डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून पाहावे. वजन करताना काटा, वेळ आणि कपडे शक्यतो तेच ठेवावेत. एखाद्या आकड्यावरून औषध स्वतःच्या मनाने बदलू नये.

माणसाचे मन हेही एक साधन आहे आणि त्याचीही चूक ठरावीक दिशेची असते. कुणी खर्चाचा अंदाज नेहमी कमी धरतो, कुणी प्रवासाला लागणारा वेळ. गेल्या काही कामांचा अंदाज आणि प्रत्यक्ष यांची तुलना वहीत केली की स्वतःची चूक कळते. घराच्या डागडुजीचा खर्च दर वेळी दीडपट होत असेल, तर पुढचा अंदाज दीडपट करूनच पैशांची तजवीज करावी. भास्कराचार्यांनी 1150 च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त अनेक वेधयंत्रांचे वर्णन केले आणि त्या सर्वांत बुद्धीलाच श्रेष्ठ यंत्र मानले. साध्या काठीनेही उंची आणि अंतरे काढता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. महाग साधन घेण्याआधी हाती असलेले साधन नीट वापरले जाते का, हे पाहण्याची सवय त्यातून घेण्यासारखी आहे.

लहान फरकाची दखल घ्यावी

ब्राहे यांच्या नोंदी खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर यांच्या हाती आल्या. 1600 मध्ये ते प्रागजवळ ब्राहे यांच्याकडे दाखल झाले आणि त्यांच्याकडे मंगळाची कक्षा सोडवण्याचे काम आले. थोड्याच दिवसांत उत्तर मिळेल असे त्यांना वाटले होते. प्रत्यक्षात काही वर्षे गेली. वर्तुळाकार कक्षा धरून त्यांनी केलेली मांडणी बहुतेक वेधांशी जुळली. एके ठिकाणी मात्र आठ कलांचा फरक राहिला. हा फरक चंद्राच्या रुंदीच्या चौथ्या हिश्श्याएवढा होता. दुसऱ्या कुणी तो सोडून दिला असता. ब्राहे यांची चूक एक-दोन कलांपलीकडे जात नाही, हे केप्लर यांना ठाऊक होते. म्हणून वेध खरा आणि मांडणी चूक, असा निर्णय त्यांनी घेतला. स्वतःचे काही वर्षांचे काम त्यांनी मोडीत काढले आणि शेवटी लंबवर्तुळाकार कक्षा सापडली. ग्रहगतीचे त्यांचे पहिले दोन नियम 1609 मध्ये आणि तिसरा 1619 मध्ये प्रसिद्ध झाला.

यातून व्यवहाराचा नेमका नियम मिळतो : साधनाच्या चुकीपेक्षा मोठा असलेला फरक तपासावा, त्याहून लहान फरकाची चिंता करू नये. वजनकाटा अर्धा किलो इकडेतिकडे दाखवत असेल तर तेवढ्या चढउताराने हुरळू किंवा घाबरू नये. आहार बदललेला नसताना दोन-तीन महिन्यांत पाच किलो वजन उतरले तर मात्र डॉक्टरांकडे जावे. घर आठवडाभर बंद असताना विजेचे किंवा पाण्याचे मीटर पुढे गेले, तर गळती शोधावी. महिन्याच्या हिशेबात दर वेळी त्याच बाजूला थोडी तूट येत असेल, तर ती रक्कम लहान म्हणून सोडू नये; एकाच दिशेने पडणाऱ्या फरकामागे बहुधा कारण असते.

नियमाचा दुसरा भाग अधिक कठीण आहे. नोंद आणि आपली समजूत जुळत नसेल, तेव्हा समजूत सोडावी लागते. व्यवसायाची आवडती योजना सहा महिने तोट्यात असेल, एखादे पीक तीन हंगाम परवडत नसेल, तर आजवर घातलेले कष्ट हे ती चालू ठेवण्याचे कारण ठरत नाही.

माहितीचे वय विचारावे

आकाशात दिसणारी प्रत्येक गोष्ट जुनी असते. चंद्रावरून प्रकाशाला यायला सव्वा सेकंदाहून थोडा अधिक, सूर्यावरून सुमारे 8 मिनिटे 20 सेकंद, व्याधाच्या ताऱ्यावरून साडेआठ वर्षांहून थोडा अधिक आणि देवयानी दीर्घिकेतून सुमारे 25 लाख वर्षे लागतात. एकाच नजरेत वेगवेगळ्या काळांतली दृश्ये एकत्र दिसतात. खगोलशास्त्रज्ञ त्यामुळे कोणत्याही दृश्याला ‘हे केव्हाचे?’ असा प्रश्न विचारतो.

मोबाइलवर येणाऱ्या बातम्यांना हाच प्रश्न विचारावा. पुराचा व्हिडिओ यंदाचा की चार वर्षांपूर्वीचा, सरकारी योजनेची मुदत संपली का, औषधाविषयीचा सल्ला कधीचा, हे पाहिल्याशिवाय काही पुढे पाठवू नये. माणसांविषयीच्या मतांनाही हे लागू आहे. दहा वर्षांपूर्वी पैसे बुडवलेला नातेवाईक आज कसा वागतो, हे नव्याने पाहावे लागते. शाळेत मागे असलेला पुतण्या आता काय करतो, हे त्यालाच विचारावे.

‘हे केव्हाचे?’ याप्रमाणेच ‘हे कोणत्या जागेवरून पाहिलेले?’ हाही प्रश्न असतो. 1838 मध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रीड्रिख बेसेल यांनी हंस तारकासमूहातील एका मंद ताऱ्याचे अंतर काढले. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना कक्षेच्या दोन टोकांवरून तो तारा किंचित वेगळ्या जागी दिसतो. त्या फरकावरून तो सुमारे 11 प्रकाशवर्षे दूर असल्याचे कळते. एकाच जागेवरून हे अंतर निघाले नसते. कुटुंबातील भांडणात निर्णय देण्यापूर्वी दोन्ही बाजू स्वतंत्रपणे, एकमेकांच्या गैरहजेरीत ऐकाव्यात. दोन्ही हकिकतींत जिथे फरक पडतो तिथेच मूळ प्रश्न सापडतो.

हंगामाआधी हिशेब मांडावा

ग्रहणाची तयारी ग्रहण लागल्यावर करता येत नाही; ती आधीच करावी लागते. हीच दूरदृष्टी छत्रपती शिवाजी महाराजांच्या 1670 च्या दशकातील एका प्रसिद्ध पत्रात दिसते. चिपळूणच्या परिसरात छावणी करून राहिलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना ते लिहिलेले आहे. पावसाळ्यासाठी साठवलेले धान्य आणि वैरण आताच बेहिशेबी वापरली तर ऐन पावसात ती मिळणार नाही आणि घोडी उपाशी मरतील, असे महाराज बजावतात. मग सैनिक रयतेच्या घरचे धान्य आणि भाजीपाला ओढून आणतील आणि लोकांना ते मोगलांपेक्षाही वाईट वाटतील, असा इशारा ते देतात. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंज भस्म होईल, इतक्या बारीक शक्यतेचाही त्यात विचार आहे. एका लहान निष्काळजीपणातून पुढे काय काय घडेल याची साखळी महाराजांनी शेवटपर्यंत पाहिली होती.

घरात हीच पद्धत वर्षातून चार वेळा वापरावी : पावसाळ्यापूर्वी, शाळा सुरू होण्यापूर्वी, सणांपूर्वी आणि मार्चअखेरीपूर्वी. प्रत्येक वेळी तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. साठा किती आहे? रोजचा वापर किती? तो किती दिवस पुरेल? त्यानंतर चौथा प्रश्न घ्यावा : यात सर्वांत क्षुल्लक वाटणारी कोणती गोष्ट बिघडली तर सगळे बिघडेल? गच्चीच्या नळीतला पालापाचोळा, गॅसची जुनी नळी, मुदत संपत आलेला विमा हे असेच धोके असतात.

जुने सुधारावे आणि सोपे करावे

कोकणातील नांदगावचे केशव दैवज्ञ यांनी पंधराव्या शतकात ग्रहांचे प्रत्यक्ष वेध घेतले आणि जुन्या ग्रंथांनी दिलेली स्थाने त्यांच्याशी ताडून पाहिली. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी 1520 मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला. त्यात अकरा-अकरा वर्षांची चक्रे कल्पून मोठमोठ्या संख्या टाळल्या आहेत आणि ‘ज्या’ (त्रिकोणमितीतील साइन) यांच्या कोष्टकांवाचूनही ग्रहगणित करता येईल अशी रीत दिली आहे. ही सुलभता आणि अचूकता यांमुळे महाराष्ट्रात शतकानुशतके या ग्रंथावरून पंचांगे तयार होत राहिली. काळाच्या ओघात त्याच्याही गणितात फरक पडू लागला, तेव्हा एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या मापनांवर आधारलेली कोष्टके मराठीत आणली. या परंपरेत पूर्वसूरींविषयी आदर आणि त्यांची चूक दुरुस्त करण्याचे धैर्य एकत्र नांदले.

घरातील रीतींकडेही असेच पाहावे. आजीचा औषधी काढा, वडिलांची गुंतवणुकीची पद्धत, दुकानातील जुनी खतावणी यांतले काय आजही जुळते आणि काय नाही, हे अनुभवाशी ताडावे. बदल करायचा तर नवी रीत जुन्या रीतीपेक्षा सोपी असावी. दहा रकान्यांचा तक्ता आठवड्यात बंद पडतो. तीन रकान्यांची वही टिकते.

वाट पाहण्याचा काळ कामी लावावा

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ गिलोम ले जेंती 1760 मध्ये शुक्राचे सूर्यबिंबावरील अधिक्रमण पाहण्यासाठी पाँडिचेरीला निघाले. युद्धामुळे ते गाव इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि 1761 चे अधिक्रमण त्यांना हेलकावणाऱ्या जहाजावरून पाहावे लागले. मोजमाप करता आले नाही. पुढच्या अधिक्रमणासाठी ते आठ वर्षे पूर्वेकडेच राहिले. 1769 मध्ये पाँडिचेरीत ऐन वेळी ढग आले. 1771 मध्ये घरी पोहोचल्यावर आपल्याला मृत समजून मालमत्तेची वाटणी सुरू झाल्याचे त्यांना कळले. मूळ उद्देश दोन्ही वेळा फसला, तरी मधल्या काळात त्यांनी हिंदी महासागराच्या प्रदेशाचा अभ्यास केला आणि तमिळ गणितींकडून ग्रहणे काढण्याची त्यांची पद्धत शिकून घेतली. ती माहिती त्यांच्या प्रवासग्रंथातून युरोपला मिळाली.

स्पर्धापरीक्षेचा निकाल, न्यायालयातील तारीख, परदेशी जाण्याचा परवाना, नोकरीचे पत्र यांची वाट पाहताना महिने जातात. त्या काळासाठी निकालावर अवलंबून नसलेले एक काम आधीच ठरवावे : एखादी भाषा, कौशल्य, हिशेबनीसाचे काम, गावातील मुलांची शिकवणी. परीक्षेत यश आले नाही तरी ते शिक्षण हाती राहते. परीक्षांसाठी किती वर्षे द्यायची, हेही सुरुवातीलाच ठरवून लिहून ठेवावे.

पुढच्यांसाठी ठेवावे

खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅले यांनी 1531, 1607 आणि 1682 या वर्षांत दिसलेले धूमकेतू एकच असल्याचे 1705 मध्ये मांडले आणि तो 1758 च्या सुमारास परतेल असे सांगितले. तोवर आपण नसू, हे त्यांना माहीत होते. 1742 मध्ये त्यांचे निधन झाले. 25 डिसेंबर 1758 रोजी सॅक्सनीतील शेतकरी आणि हौशी निरीक्षक योहान पालिच यांनी तो धूमकेतू पाहिला. हॅले यांचे भाकीत त्यांच्याआधीच्या निरीक्षकांनी जपलेल्या नोंदींवर उभे होते. आपल्याकडे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला. चाळीसगावजवळील पाटण येथील 1207 चा शिलालेख त्याची साक्ष देतो.

प्रत्येक घरात पुढच्या पिढीला लागणारी माहिती असते : कुटुंबातील आनुवंशिक आजार, जमिनीच्या हद्दी आणि सातबारा, विमा व बँकखात्यांचे तपशील, विहिरीला पाणी लागलेली खोली, गोडाधोडाची प्रमाणे. ही माहिती एका माणसाच्या डोक्यात राहू नये. वर्षातून एकदा ती लिहून काढावी, कागद कुठे आहेत ते घरातील किमान दोघांना सांगावे आणि मृत्युपत्र वेळेत करावे.

सुरुवात कशी करावी

सगळ्या सवयी एकदम लावू नयेत. पहिल्या महिन्यात फक्त चंद्राची नोंद घ्यावी, म्हणजे शिस्त अंगवळणी पडते. अमावास्येनंतर दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी पश्चिमेला कोर शोधावी आणि रोज ठरलेल्या वेळी चंद्र कुठे आहे व त्याचा आकार कसा आहे ते लिहावे. पौर्णिमेनंतर चंद्रोदयाची वेळ टिपावी. ती रोज सरासरी 50 मिनिटांनी पुढे जाते. ढगाळ दिवशी ‘ढग’ असे लिहावे, जागा कोरी सोडू नये. दिसले नाही हीसुद्धा नोंद असते. मुलांना यात सामील करून घ्यावे. साडेएकोणतीस दिवसांनी चक्र पुरे होते.

दुसऱ्या महिन्यात त्याच वहीत घरातील एकच गोष्ट घ्यावी : खर्च, झोप, रक्तदाब किंवा अभ्यासाचे तास. महिनाअखेरीस पंधरा मिनिटे बसून नोंदी वाचाव्यात आणि त्यांतून एकच निर्णय घ्यावा. माणसांच्या नोंदी मात्र त्यांच्या संमतीने ठेवाव्यात. जोडीदाराच्या किंवा सुनेच्या चुका टिपण्यासाठी ही वही वापरली तर घरातला विश्वास जातो. आकडे स्वतःला सुधारण्यासाठी वापरावेत. तिसऱ्या महिन्यात आधीच्या निर्णयाचा परिणाम तपासावा, तो उपयोगी ठरला असेल तर चालू ठेवावा आणि नसेल तर बदलून पुढच्या महिन्याची नोंद सुरू करावी.